दादाला लागलेला 'दिवंगत' टॅग आणि माझी इतर मिळकत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, चौतीस वर्षे सरकारी अभिलेख कक्षात जुने कागद सांभाळलेला आणि त्यानंतर स्वतःच्या घरातून चालणाऱ्या फोटोंच्या संकेतस्थळाचा एकमेव चालक, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. बायकोला त्याबद्दल शंका आहे, पण ती लग्नापासूनचीच असल्याने विचारात घेऊ नये. मला आजार नाही, कुणाचे दडपण नाही. वकीलबाई म्हणाल्याच, "काका, एवढी घाई काय आहे?" घाई आहे. माझा थोरला भाऊ माझ्या संकेतस्थळावर तीन वर्षांपासून मेलेला आहे आणि मला तो जिवंत करायचा आहे.

कलम १. राहते घर, भांडीकुंडी, शिलाई मशीन आणि गॅलरीतील कुंड्या बायकोला. त्यावर कुणी हक्क सांगू नये. सांगितल्यास तिच्याशी थेट बोलावे, म्हणजे हौस फिटेल.

कलम २. धुण्याच्या यंत्रावरच्या फळीवर एक जुना संगणक रात्रंदिवस चालू असतो. त्याच्यात आमच्या कुटुंबाचे २३,४८० फोटो आहेत. लोक आपले फोटो परक्या कंपनीच्या कोठारात ठेवतात. घरात कपाट असताना कपडे शेजाऱ्याकडे ठेवावेत, तसला हा प्रकार. मी पुस्तक वाचून, सात वेळा सगळे पुसून, आठव्यांदा ते संकेतस्थळ उभे केले. आठव्यांदा पान उघडले तेव्हा मी ओरडलो आणि बायको लाटणे घेऊन धावत आली. तो फोटोही आहे. संगणक मुलीला द्यावा, कारण मुलगा तो 'जरा वेळ' बंद करील.

कलम ३. फोटो वाटायचे नाहीत, टॅग वाटायचे आहेत. अभिलेख कक्षात एका कागदाला एकच गठ्ठा मिळतो. तोच कागद तीन खात्यांना हवा असला तरी दोघांनी बोंबलत बसायचे. हा अन्याय मी चौतीस वर्षे डोळ्यांनी पाहिला. माझ्याकडे एका फोटोवर हव्या तेवढ्या चिठ्ठ्या लागतात, त्यांनाच टॅग म्हणतात, आणि फोटो प्रत्येक चिठ्ठीखाली सापडतो. वकीलबाई म्हणाल्या, "काका, टॅग ही मिळकत नाही. तिची चतुःसीमा कशी लिहिणार?" म्हटले, घ्या लिहून. टॅग 'मांजर', एकूण ८१२ फोटो, पूर्वेस टॅग 'सोफा', पश्चिमेस 'फाटलेला सोफा', दक्षिणेस 'नवा सोफा', उत्तरेस 'बायको चिडलेली'. हा टॅग मुलाला. 'सहल', 'शाळा' आणि 'पडलेले दात' मुलीला. दोघेही ज्यात आहेत ते फोटो दोघांचे, आणि त्यावरून भांडतानाचा फोटो काढून त्यालाही टॅग लावावा.

कलम ४. माझे माजी साहेब निवृत्तीच्या दिवशी चारचौघांत म्हणाले होते, "आता हे घरी बसून माशा मारणार." त्यांना सर्व फोटो पाहण्याची परवानगी देतो. शोधण्याची देत नाही. एकेक करून पाहावेत.

कलम ५. आता दादा. वय शहात्तर, निवृत्त पोहण्याचे शिक्षक. निम्म्या गावाला त्यांनी पाण्यात ढकलून पोहायला शिकवले, मलाही. आठ वर्षांपूर्वी मी त्यांच्या १४३ फोटोंना 'टक्कल' असा टॅग लावला. त्यात वाईट हेतू नव्हता, वस्तुस्थिती होती. पण तो त्यांच्या सुनेने पाहिला, व्याह्यांना दाखवला, आणि व्याही हसले. दादांनी फोनवर एवढेच म्हटले, "यापुढे माझा एकही फोटो काढायचा नाही." मी टॅग काढला, क्षमा मागितली. उपयोग शून्य. लग्नात, बारशात, कुठेही कॅमेरा दिसला की दादा खांबाआड.

कलम ६. खरी चूक पुढे झाली आणि ती सर्वस्वी माझी आहे. अभिलेख कक्षाचा दंडक असा की ज्या फाइलीत पाच वर्षे नवा कागद येत नाही, ती बंद करून खालच्या फळीवर टाकायची. नातलगांपैकी कोण गेले याची नोंद ठेवून मी कंटाळलो होतो. म्हणून संगणकाला तोच नियम लिहून दिला: ज्या माणसाचा पाच वर्षांत नवा फोटो नाही, त्याला 'दिवंगत' टॅग लावावा. पाच वर्षे भरली, सोमवार उजाडला, आणि दादा गेले.

संकेतस्थळावर तो टॅग वाचून तरण तलावावर त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी दोन मिनिटे शांतता पाळली. दादा नेमके पोहायला आलेले. सगळे मान खाली घालून उभे आहेत म्हणून तेही टॉवेल घेऊन उभे राहिले आणि शेजारच्याला हळूच विचारले, "कोण गेलं रे?" त्या गृहस्थाला खुर्चीत बसवून पाणी पाजावे लागले.

त्या दुपारी दादांचा फोन आला. "मी मेलोय म्हणे तुझ्याकडे?"

"दादा, एक फोटो पाठव. लगेच जिवंत होशील."

"मेलेल्या माणसाचा फोटो काढत नाहीत. ठेव फोन."

मी तो टॅग हाताने चार वेळा काढला. दर सोमवारी नियम फिरतो आणि टॅग परत लावतो. नियम मीच लिहिला, पण कुठे लिहून ठेवला ते मला सापडत नाही. चौतीस वर्षांत माझ्या हातून एक कागद हरवला नव्हता, हे इथे नमूद करतो. दुसऱ्याच कुणाच्या फोटोवर दादांचे नाव टाकावे, असे मुलगा सुचवतो. खोटी नोंद करणे माझ्याच्याने होणार नाही. मागच्या वर्षी कॅमेरा घेऊन तलावावर लपून बसलो. दादांनी पाहिले आणि बुडी मारली. एक मिनिट दहा सेकंद वर आले नाहीत. मेलेल्या माणसाला हे जमत नाही, पण नियमाला पुरावा लागतो, आणि माझ्याकडे नुसत्या पाण्याचे सोळा फोटो आले.

तीन वर्षे आम्ही बोललेलो नाही. मला दादांची फार आठवण येते. हे कायदेशीर भाषेत कसे लिहायचे ते वकीलबाईंनाही ठाऊक नाही, म्हणून असेच राहू द्यावे.

कलम ७. थोरले बंधू यांस मी या मृत्युपत्रान्वये काहीही देत नाही. एक टॅग नाही, एक फोटो नाही, कुंडी नाही. नातलगांनी यावरून तोंडे वाकडी करू नयेत. ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई सांगतात. आणि नोंदणी कार्यालयात साक्षीदाराने सही केली की समोरच्या यंत्रावर त्याचा फोटो काढतात. तिथे खांब नाही. मी तीन वेळा जाऊन पाहून आलो आहे.

दादांना निरोप बायकोने दिला आहे. येतील की नाही ठाऊक नाही. न आल्यास हे मृत्युपत्र रद्द समजावे. मी नवे लिहीन, आणि तेही रद्द झाल्यास आणखी एक.

स्थळ: नोंदणी कार्यालय, पहिला मजला, खिडकी क्रमांक चार
दिनांक: १३ मार्च २०२६, शुक्रवार

लिहून देणार: (सही)

साक्षीदार क्र. १: शेजारचे चष्मेवाले. (सही) चष्मा काढून फोटो दिला, हरकत नोंदवतो.

साक्षीदार क्र. २: (सही) लिहून देणाऱ्याचा थोरला भाऊ. हा पूर्ण शुद्धीवर आहे असे मी शपथेवर सांगणार नाही, पण सही त्याने माझ्यासमोर केली आणि ती होईपर्यंत त्याचा कागद मी धरला. फोटो दोन झाले. पहिल्यात मी हसलो, म्हणून इथल्या नोंदणी साहेबांनी दुसरा काढला. सरकारने दुसरा ठेवावा. पहिला माझ्या भावाला द्यावा.