मेट या शब्दाचे सदतीस अर्थ

रविवार, २ फेब्रुवारी

आजपासून संशोधन सुरू. विषय एकच शब्द: मेट. आपल्या ऑस्ट्रेलियात माणूस मैत्री करतो, भांडतो, माफी मागतो, सगळं या एका शब्दावर. आणि कुणी धड लिहून ठेवलेलं नाही! मी ठेवणार. सीझनच्या समारंभात बोल्स क्लबात व्याख्यान द्यायचं नक्की. लोरेनला सांगितलं. ती म्हणाली, आधी पन्हाळीतली पानं काढ. बायकोला भाषेची जाण नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी. सकाळी ७

बारा अर्थ झाले. क्र. १: जिवलग. क्र. ५: लांबवून म्हटलं तर 'काय गाढवपणा केलास'. क्र. ९: पोलिसाने गाडी अडवल्यावर. क्र. १२: पेट्रोल पंपावर वाटेत उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला, जरा सरकतोस का, मेट. हा सगळ्यात पोकळ.

पानं उद्या.

शनिवार, ८ फेब्रुवारी

जोडीच्या सामन्यात जिंकलो. मेटने शेवटचा बोल, म्हणजे आमचा जड चेंडू, हिरवळीवरून घरंगळवत अगदी छोट्या पांढऱ्या चेंडूला नेऊन चिकटवला. मेट म्हणजे माझा जोडीदार. सहा वर्षं झाली. केस लाल, म्हणून आपल्या ऑस्ट्रेलियन उलट्या रीतीप्रमाणे सगळा क्लब त्याला ब्लू म्हणतो. मी मात्र मेट म्हणतो. क्र. १.

एक तक्रार आहे. तो मला कायम क्लाइव्ह म्हणतो. सहा वर्षांत एकदाही मेट नाही. जरा कोरडाच माणूस. संकल्प: सीझन संपायच्या आत त्याच्या तोंडून मेट काढायचं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

क्लबची सेक्रेटरी ग्लेनिस आली होती. ब्लूला आजीव सदस्य करायचं ठरलंय. शील्ड मी कोरून आणायची, मीच द्यायची. जाता जाता म्हणाली, शील्डवर खरं नाव घाल बाबा, ब्लू नको, तुला काय सांगायचं म्हणा. मी म्हणालो, अर्थात.

दुपारी ३

बारीकशी अडचण. खरं नाव या क्षणी आठवत नाही. पहिल्या दिवशी त्याने सांगितलं होतं, हे पक्कं आठवतं. चाळीस वर्षं शाळेत हजेरी घेतल्यावर डोक्यात नावांना जागा उरत नाही. गुणफलकावर फक्त कप्तानाचं नाव लिहितात, आणि कप्तान मी. यात माझी काय चूक?

मंगळवार, २५ फेब्रुवारी

त्याच्या घरावरून सहज गेलो. तीनदा. पत्रपेटीवर नुसता नंबर, आत पिझ्झाची जाहिरात.

मग डोकं चालवलं. क्लबात त्याला माझं लायसन्स दाखवलं. म्हटलं, बघ कसा चोरासारखा दिसतोय, तुझा फोटो दाखव. त्याने माझं कार्ड नीट पाहिलं, हसला आणि म्हणाला, क्लाइव्ह, वाढदिवस पुढच्या आठवड्यात आहे ना, मला ठाऊक आहे, केक सांगून ठेवलाय. स्वतःचं कार्ड काही काढलं नाही. आतल्या गाठीचा माणूस.

ग्लेनिसला किंवा लोरेनला विचारता येईल. पण मग व्याख्यात्याची अब्रू काय राहिली?

शुक्रवार, १४ मार्च

कोरणाऱ्याचा दुसरा फोन. म्हणाला, आज नाव दिलं नाहीस तर कोरीच शील्ड घेऊन जा. आणि तिथेच सुचलं! शील्डवर एकच शब्द कोरायचा: मेट. नाव काय, कुणालाही असतं. स्वतःवरच खूश आहे.

शनिवार, २२ मार्च

व्याख्यान रंगलं. चौदाव्या अर्थाला ग्लेनिसने सॉसेज रोल बाहेर आणले, त्यामुळे पुढचे तेवीस थोडक्यात आटोपले. मग शील्ड दिली. सगळे पोट धरून हसले, टाळ्या. मेटने वाचलं, मागे काही लिहिलंय का ते उलटून पाहिलं आणि आभार मानले.

नंतर गाडीपाशी आला. म्हणाला, क्लाइव्ह, तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सहा आठवडे तुझं गवत कुणी कापलं? मी म्हणालो, तू. तो म्हणाला, तू म्हणजे कोण?

मी किल्ल्या शोधायला लागलो. त्या हातातच होत्या. तो शील्ड काखेत धरून निघून गेला.

रविवार, २३ मार्च

पन्हाळीतली पानं काढली. शिडीवरूनच लोरेनला त्याचं नाव विचारलं. ती शिडी धरून होती. म्हणाली, आयव्हर. आयव्हर पेनबर्थी. उन्हातान्हात गवत कापायचा तो, चहा मी द्यायचे, आणि तू खिडकीतून ओरडायचास, थँक्स, मेट. मग म्हणाली, आता उतर खाली, किती वेळ नुसता उभा राहणार आहेस?

शरम वाटली. आयव्हर. इतकं सोपं नाव.

शनिवार, २९ मार्च

आठवडाभर नाव घोकलं. दाढी करताना, गाडीत, दुकानात. सीझनचा आज शेवटून दुसरा दिवस. क्लबात लवकर गेलो. तो एकटाच सराव करत होता. मी हिरवळीवर जाऊन त्याच्यासमोर उभा राहिलो आणि स्पष्ट म्हणालो, गुड मॉर्निंग, आयव्हर.

त्याने वर पाहिलं. हातात बोल होता आणि मी त्याच्या वाटेत उभा होतो. अगदी सभ्यपणे म्हणाला, जरा सरकतोस का, मेट.

सरकलो.

सीझन संपायच्या आत त्याच्या तोंडून मेट काढलं. घरी येऊन संशोधनाची वही उघडली. बाराव्या अर्थापुढे माझ्याच अक्षरात 'अनोळखी माणसाला' असं लिहिलंय. फार वाईट वाटतंय.