उताराचा खर्च

४ फेब्रुवारी

साडेचार लाख! नुसती माती इकडची तिकडे करायचे. कंत्राटदार म्हणाला, "ताई, वरची माती कापायची, खाली भराव घालायचा, त्यावर रोलर, आणि खालच्या अंगाला भिंत. भिंतच पैसे खाते." घराची वीटही रचली नाही अन् आत्ताच घाम फुटला.

दुसरा मार्गही त्यानंच सांगितला — उतार आहे तसा ठेवायचा आणि घरच तीन टप्प्यांत बांधायचं. या खोलीतून त्या खोलीत जायला पायऱ्या. त्याला फारसा जादा खर्च नाही.

पायऱ्या म्हटल्यावर मला कोण आठवलं, ते लिहीत नाही.

५ फेब्रुवारी

लिहिते. सासूबाई. त्यांच्या गुडघ्यांना पायरी चालत नाही. सध्या नणंदेकडे असतात, पण घर झालं की कायमच्या आमच्याकडे यायचं ठरलंय. ठरलंय म्हणजे नवऱ्यानं ठरवलंय आणि मी मान डोलावलीय.

जेवताना त्यानं विचारलं, "सपाट करायचे किती म्हणाला?"

"नऊ."

तोंडातून गेलंच. त्याचा घास हातातच राहिला. "नऊ लाख? मग कसं जमायचं?" मी वाढत राहिले. हा माणूस भाजीवाल्याशी घासाघीस करत नाही, कंत्राटदाराला काय विचारणार.

८ फेब्रुवारी

त्या वाईट नाहीत. हे लिहून ठेवलेलं बरं, नाहीतर माझ्या सोयीसाठी मीच त्यांना वाईट ठरवायची. इतकी वर्षं एका स्वयंपाकघरात काढली. मी डबा उघडला की मागून आवाज — "काय शोधतेस?" बस, एवढंच. पण रोज. मला असं घर हवंय जिथे डबा उघडला तर कुणी विचारणार नाही.

त्यासाठी म्हाताऱ्या बाईच्या वाटेत पायऱ्या घालायच्या? लाज वाटते. तरी नवऱ्याला खरा आकडा सांगितला नाही.

१५ फेब्रुवारी

सासूबाईंना प्लॉट दाखवायला नेलं. त्या गाडीतून उतरल्याच नाहीत — "मला इथूनच दिसतंय." नवरा टेप घेऊन उगाचच मोजत फिरला. मी पार खालच्या कोपऱ्यापर्यंत उतरले आणि धापा टाकत वर आले. तोवर कंत्राटदार गाडीच्या खिडकीशी वाकून त्यांच्याशी गप्पा मारत होता. त्याला बोलायला कुणीही चालतं.

परतताना नवरा म्हणाला, "आई, सपाट करायचे नऊ लाख मागतोय तो."

"बरं," त्या म्हणाल्या. बाहेर बघत होत्या. मी काच खाली केली.

१६ फेब्रुवारी

टप्प्यांचं नक्की केलं. मी नवऱ्याच्या आवडीची भाजी केली आणि स्वतःचाच राग आला.

२२ फेब्रुवारी

नणंदेचा फोन — "वहिनी, आईनं तुला एकटीला बोलावलंय."

सासूबाईंनी उशीखालून एक कापडी पिशवी काढली, तोंड दोरीनं घट्ट बांधलेलं. "जमीन सपाट करून घे."

"आई, हे पैसे कुठून आणलेत?"

"बांगड्या होत्या की. आता हाताला जड होतात."

"पण आम्ही पायऱ्यांचं ठरवलंय."

"बदला. माझ्यासाठी नको, मी लेकीकडे बरी आहे. इथे लिफ्ट आहे. त्याला मी सांगेन काय ते." मग म्हणाल्या, "त्या दिवशी चढ चढून आलीस नि गाडीत बसलीस, तेव्हा तुझे गुडघे वाजले. माझे तुझ्या वयात असेच वाजायचे."

नणंद चहा घेऊन आली, तशा त्या टीव्हीकडे वळल्या.

माझ्या एका थापेपायी त्यांनी बांगड्या मोडल्या. नऊ लाखांच्या! पिशवी तशीच कपाटात ठेवलीय, उघडवत नाही. उद्या निम्मे परत द्यायचे. काय सांगून? कंत्राटदारानं कमी केले म्हणून? म्हणजे आणखी एक थाप. नाही — खरं तेच सांगणार, मग त्या काय बोलायचं ते बोलू देत.

२३ फेब्रुवारी

निम्मे वेगळे काढायला बसले. दोनदा मोजले.

साडेचारच आहेत.