ताईच्या हाडाचं माप

गुरुवार, ता. ९

प्रिय ताईस,

साष्टांग नमस्कार. परवा फोनवर तुझा आवाज जरा बरा वाटला. टाके निघाले, एक काम झालं. इकडे सगळे ठीक. तुझी भाची आत्याकडे जायचं म्हणून हटून बसली आहे. आमच्या स्कॅनच्या विभागात नव्या खुर्च्या आल्या, त्या जुन्यांपेक्षा जास्त करकरतात.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. खरं सांगायला तीनदा फोन लावला आणि तिन्ही वेळा "जेवलीस का?" एवढंच विचारलं.

त्या दिवशी दवाखान्यात भाऊजी म्हणाले, "हिलाच नसती घाई. काठी टाकायला कोणी सांगितलं होतं हिला?" तू म्हणालीस, "माझंच चुकलं." मी उशाशी संत्रं सोलत होतो.

सांगितलं मी होतं. ते तुला ठाऊक आहे, तरी तू माझं नाव घेतलं नाहीस. पण तुला ठाऊक नाही ते पुढे आहे.

तुझ्यासारखा खुब्यात कृत्रिम सांधा बसवला की त्याच्या भोवतीचं हाड हळूहळू विरळ होतं. किती, ते सीटी स्कॅनवर मोजायचं, हेच माझं काम. सांध्याच्या धातूची चमक चित्रात आजूबाजूला पसरते, म्हणून हाडाभोवती रेघ मारताना धातूपासून अंतर ठेवावं लागतं. नाहीतर ती चमकही हाड म्हणून मोजली जाते. नवशिक्यांना मीच हे बजावतो.

तुझ्या दुसऱ्या स्कॅनमध्ये हाड पहिल्यापेक्षा भक्कम निघालं. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "असं सहसा होत नाही हो. रेघ फार जवळून गेलीय. परत मोजा." मी हसून म्हणालो, "आमच्या ताईचं हाड आहे, पोलादाचंच असणार!" आपला तो बाब्या, दुसरं काय! कोणा परक्या बाईचं असतं तर तिथल्या तिथे परत मोजलं असतं. पाच मिनिटांचं काम. पण मला तुला आनंदाची बातमी द्यायची घाई झाली होती. लगेच फोन करून म्हणालो, "फेकून दे ती काठी!"

महिन्याभरात तू जिन्यात पडलीस आणि सांध्याच्या खालीच हाड मोडलं. त्यानंतर मी जुन्या चित्रावर पुन्हा रेघ मारली, नीट अंतर ठेवून. हाड पहिल्यापेक्षा पाचव्या हिश्श्याने कमी होतं. हे तीन आठवडे मला माहीत आहे, ताई. मला लाज वाटते.

आज सकाळी दोन्ही मापं विभागप्रमुखांना आणि तुझ्या डॉक्टरांना दाखवली. माझं काय व्हायचं ते होईल. तू मात्र हे पत्र उशीखाली दडवू नकोस. लहानपणापासून तू मला पाठीशी घालत आलीस, यावेळी घालू नकोस. भाऊजींच्या हातात दे आणि म्हणावं, मोठ्याने वाचा.

रविवारी येतो. त्यांनी घरात घेतलं तर.

या दोषाचा धनी,
तुझा धाकटा