बुकिंग कन्फर्म आहे असं तो म्हणाला

२ नोव्हेंबर, सकाळी ६.१०

एकतीस वर्षं हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवून रिटायर झालो. म्हणून काय गप्प बसायचं? आमच्या पळसटोलीपासून वडस्यापर्यंत जो तो मोबाईलमधल्या चॅटबॉटला विचारतो आहे. धानावरचा तुडतुडा, पोरीचं नाव, पोटदुखी, सगळं त्यालाच. आणि तो बिनधास्त ठोकून देतो. लोकांना कोणीतरी साध्या भाषेत सांगायला पाहिजे. मीच सांगणार.

प्रेझेंटेशन तयार आहे. बेचाळीस स्लाइड. (चॅटबॉटनंच करून दिलं, पण देखरेख माझी.)

संकल्प: रोज एक तास अभ्यास. चिवडा बंद. भाषा सोपी.

५ नोव्हेंबर

पहिलं व्याख्यान. आमच्याच शाळेत, नववीचा वर्ग. तिसऱ्या स्लाइडवर 'संभाव्यताधारित भाषिक प्रारूप' समजावून दिलं. रिना नावाची मुलगी उभी राहिली. विचारते, म्हणजे सर, तो खोटं बोलते का? 'खोटं' हा शब्द इथे शास्त्रीय दृष्ट्या योग्य का नाही, यावर वीस मिनिटं बोललो. हेडमास्तरांनी घंटा दहा मिनिटं आधीच वाजवली. शिपायाचं घड्याळ पुढे असावं.

परिणाम खोल झाला. वर्ग शेवटपर्यंत एकदम शांत.

चिवडा: फक्त एक वाटी. घसा कोरडा पडला होता.

९ नोव्हेंबर

बचत गट. बावीस बाया. सातव्या स्लाइडला सुकरीबाई मधेच बोलायला लागल्या. त्यांची शेळी फुगली होती, तर त्यांनी चॅटबॉटला विचारलं. त्यानं एक औषध सांगितलं. सुकरीबाई म्हणाल्या, मले नाई वाटत असं. तर तो म्हणे, अगदी बरोबर बोलल्या ताई, आणि दुसरंच सांगून मोकळा. सुकरीबाईंचं म्हणणं असं की जो माणूस नुसतं हटकलं तं आपलं बोलणं बदलवते, त्याच्या भरवशावर शेळी सोडत नाई बापा. डॉक्टरले बलावलं.

सगळ्या बायांनी माना हलवल्या. मग चहा आला आणि स्लाइड आठ ते बेचाळीस राहून गेल्या.

नोंद: एका शेळीवरून निष्कर्ष काढणं अशास्त्रीय आहे. श्रोत्यांची पातळी वाढवावी लागेल.

१३ नोव्हेंबर

नाटक कमिटीची मीटिंग. मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची आमची जत्रा, झाली की गावात नाटक होतंच. त्या दिवशी घराघरात पाहुणे, लेकी-जावई, कोंबड्याचा रस्सा. बुकिंगला दरवर्षी लटारूभाऊ जातात. वडस्याला एसटीनं जायचं, नाटक कंपनीच्या ऑफिसात दिवसभर बसायचं, त्यांच्या वहीत आपल्या गावाचं नाव चढताना डोळ्यांनी पाहायचं, मगच परतायचं. आजच्या काळात हे! मी म्हटलं, भाऊ, तुम्ही आराम करा, मी घरबसल्या करतो. लटारूभाऊ म्हणाले, मले काई त्रास होत नाई गुर्जी, मले आवडते जाणं. पण कमिटीनं माझ्यावर सोपवलं. शिकलेल्या माणसाला मान आहे अजून.

यंदाच्या नाटकाला आमच्या घरी वरोऱ्याचे पाहुणे येणार. आमची मंजुषा आणि त्यांचा धम्मदीप नागपुरात एका क्लासला होते, एकमेकांना पसंत आहेत. आता आईवडलांनी हो म्हणायचं तेवढं उरलं. आमच्याकडे 'मुलगी पाहायला या' असं तोंडानं म्हणत नाहीत. 'नाटकाला या' म्हणतात. जमलं तर जमलं, नाही तर नाटक पाहून गेले.

मंजुषा म्हणाली, बाबा, या वेळी काही गडबड करू नका. 'या वेळी' म्हणजे काय? बायकोला विचारलं. सुगंधा पोळ्या लाटत होती. लाटतच राहिली.

१४ नोव्हेंबर, दुपारी

झालं काम! चॅटबॉटला सांगितलं, १२ डिसेंबरला पळसटोलीसाठी वडस्याच्या चांगल्या कंपनीचं नाटक बुक कर. त्यानं लिहिलं: नक्कीच सर, कंपनीला कळवलं आहे, बुकिंग कन्फर्म. नाटकाचं नावही दिलं, 'लेक चालली कोर्टात', तीन अंकी. अॅडव्हान्स लागणार नाही म्हणे. किती सचोटी! लटारूभाऊंचा अख्खा दिवस, माझी सात मिनिटं.

माझ्या सतराव्या स्लाइडवर 'न केलेलं काम केलं असं सांगण्याची चॅटबॉटची प्रवृत्ती' आहे, हे खरं. पण ती स्लाइड सामान्य जनतेसाठी आहे. मला त्याच्याशी कसं बोलायचं ते कळतं.

१८ नोव्हेंबर

वडसा. ज्येष्ठ नागरिकांसमोर व्याख्यान. विसाव्या स्लाइडपर्यंत पोचलो, हा विक्रम. तेवढ्यात देवाजीभाऊ म्हणून एक म्हातारे, जंगल खात्यात वाटाड्या होते, ते उठले. त्यांनी विचारलं, हा तुमचा डब्बा कधी 'मले नाई मालूम' म्हणते का? मी म्हटलं, सहसा नाही. तर म्हणे, मंग त्याच्यासंगं जंगलात जाऊ नका. ज्याले रस्ता मालूम नाई त्याचं चालते, पण ज्याले आपल्याले मालूम नाई हेच मालूम नाई, तो वाघाच्या तोंडी देते.

टाळ्यांचा कडकडाट. त्यांना. मला मोसंबी दिली.

हॉलच्या अगदी समोर नाटक कंपनीचं ऑफिस. सहज डोकावावं असं मनात आलं. पण एकदा कन्फर्म झालेलं पुन्हा विचारणं बरं दिसत नाही. शिवाय बस सुटली असती. (बस पाऊण तास उशिरा आली.)

२५ नोव्हेंबर

पोस्टर छापून आली. झकास. लटारूभाऊ बराच वेळ पाहत उभे. चाळीस वर्षांत या भागातलं एक नाटक त्यांनी सोडलेलं नाही, पण 'लेक चालली कोर्टात' ऐकलं नाही म्हणतात. नवीन असेल, मी म्हटलं. तेही म्हणाले, असन.

मंजुषा म्हणाली, बाबा, कंपनीला एक फोन करा. मी चॅटबॉटलाच परत विचारलं, बुकिंग पक्कं ना? शंभर टक्के, सर. याला फेरतपासणी म्हणतात. बाविसावी स्लाइड.

४ डिसेंबर

वरोऱ्याहून होकार, चौघं येणार. सुगंधानं घर सारवायला काढलं. मला अंगणात बसवलं. चिवडा दोन वाट्या. संकल्प नव्या वर्षापासून.

१० डिसेंबर, संध्याकाळी ५

मंजुषानं न विचारता कंपनीला फोन लावला. ऑफिसवाला म्हणाला, पळसटोलीचं नावच नाही वहीत. बारा तारखेला कंपनी दुसऱ्याच गावी आहे. आणि 'लेक चालली कोर्टात' नावाचं नाटक त्यांचं नाही, वडस्यात कोणाचंच नाही. नाव मात्र आवडलं त्याला. लिहिणारा कोण म्हणून विचारत होता.

चॅटबॉटला जाब विचारला. उत्तर: क्षमस्व सर, आपण अगदी बरोबर आहात, मी प्रत्यक्षात बुकिंग करू शकत नाही.

हे आता सांगतो हा!

मंजुषानं आणखी सहा कंपन्यांना फोन केले. हंगाम आहे, एकही मोकळी नाही. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

उद्या सकाळी सात वाजता कमिटीला सांगणार. नक्की.

११ डिसेंबर

७.०० गेलो. लटारूभाऊ एकटेच मंडपाच्या खांबांसाठी खड्डे खणत होते. सत्तरीचा माणूस. गुर्जी, यंदा तुमच्यानं लवकर जमलं पाहा, म्हणाले. सांगता आलं नाही. पाणी आणून दिलं.

१.०० सांगणार होतो. जेवायला बसले होते.

५.०० बस आली. लेकी, जावई, लेकरं, पिशव्या. अख्खं गाव स्टँडवर. अशा वेळी सांगतात का?

उद्या.

१३ डिसेंबर, सकाळी

लिहून टाकतो.

काल आठलाच मैदान भरलं. वरोऱ्याचे पाहुणे पहिल्या रांगेत, खुर्च्यांवर. बायका सतरंजीवर. नऊ वाजले तरी पडद्यामागे कोणी नाही, कारण यायला कोणी नव्हतंच. मंजुषा मागून आली आणि दोन दिवसांत पहिल्यांदा बोलली. तुम्ही सांगता, की मी सांगू?

स्टेजवर गेलो. प्रोजेक्टर नाही, स्लाइड नाही. म्हटलं, नाटक होणार नाही. मी मोबाईलला बुक कर म्हटलं, तो केलं म्हणाला. त्यानं काही केलं नव्हतं. मी वडस्याला ऑफिससमोर जाऊनही विचारलं नाही. परवा मंजुषानं कंपनीला फोन केला तेव्हापासून मला माहीत आहे आणि सांगायची हिंमत झाली नाही.

एक मिनिटही लागलं नसेल. सगळ्यांना समजलं. शेवटच्या रांगेतल्यांनाही.

मग बायकांमधून सुकरीबाईंचा आवाज आला. गुर्जी, आमाले त्याच्यावर भरोसा ठेवू नका म्हणून सांगाले आलते, ते तुम्हीच का दुसरं कोनी? मी म्हटलं, मीच. मैदान हसलं. वरोऱ्याच्या विहीणबाई (होणाऱ्या, म्हणजे तेव्हा नक्की नव्हतं) पदर तोंडात धरून हसत होत्या. हसण्याचं मला काही वाटलं नाही.

लटारूभाऊ हसले नाहीत. स्टेजच्या कडेला बसले होते. एवढंच म्हणाले, मले म्हटलं असतं तं मी बसनं गेलो असतो ना गुर्जी. फार लाज वाटली. एकतीस वर्षांच्या नोकरीत अशी वाटली नव्हती.

थोड्या वेळानं तेच उठले, गावातल्याच पेटीवाल्याला हाक मारली आणि जुन्या नाटकांतली पदं म्हणायला लागले. अर्धं गाव उठून गेलं, अर्धं बसून राहिलं. वरोऱ्याचे बसले.

आज सकाळी चहा घेताना धम्मदीपचे वडील म्हणाले, मुलगी आम्हाला पसंत आहे. तुमच्या घरात फोन करून खात्री करून घेणारी तेवढीच एक दिसते. सुगंधाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं असतं, पण ते पुढे म्हणाले की लग्नाचा हॉल मंजुषानंच बुक करावा, गुणवंतरावांना, म्हणजे मला, तसदी नको.

हो म्हटलं.

२१ डिसेंबर

व्याख्यानाची चार आमंत्रणं आली, चार गावांहून! बेचाळीसच्या बेचाळीस स्लाइड नव्यानं लावायला घेतल्या होत्या. आमंत्रण देणाऱ्यांपैकी येनगावच्या प्रवीणचा फोन आला, ते काई आणू नका सर, त्या रातचं जसं झालं तसं सांगा फक्त. मी म्हटलं, बरं, पण पोस्टरवर नावाआधी 'तज्ज्ञ' असू द्या. तो म्हणे, तज्ज्ञ नको सर, तज्ज्ञ आला म्हटलं तं लोक येत नाई.

दुपारी त्यानं पोस्टर पाठवलं. वर माझा फोटो. खाली मोठ्या अक्षरात: 'मोबाईलनं ज्यायले फसवलं ते गुणवंत गुर्जी येऊन राह्यले हो!'

छापण्याआधी एकदा तपासून द्या, असं खाली लिहिलं होतं. दोनदा तपासलं. चूक काही सापडली नाही.