ब्रेकात ब्रेकचंच तेल

आबा, तुमचा एक नियम गेल्या महिन्यात माझ्या हातानं वाया गेला आणि त्याचा वास अजून नखांतून जात नाही. राख लावून झाली, लिंबू झालं, कपड्यांचा साबण झाला. घास तोंडाजवळ आला की शिसारी येते. तुमच्या खाकी शर्टाला हाच वास असायचा, तेव्हा मला तो कधी वाईट वाटला नाही.

तुम्ही गेल्यावर सायकली फार बदलल्या. आता त्यांना तुमच्या जीपसारखे तेलाचे ब्रेक असतात. मुठीजवळचा दांडा दाबला की बारीक नळीतलं तेल पुढं सरकतं आणि चाकाच्या पत्र्याला दोन्हीकडून चिमटा बसतो. तुमच्या नातीनं तशी एक सायकल घेतलीय. ती वाईला नोकरीला असते, रविवारी पाचगणीला चढून जाते आणि पसरणीच्या घाटानं खाली येते. ब्रेक मऊ लागतोय म्हणाली, म्हणजे नळीत हवा शिरलेली. दुकानात टाकते म्हणाली. मी म्हणालो, "दुकानात? मी काय मेलोय?" तुम्हाला माझा स्वभाव ठाऊक आहे. मिक्सर, पाण्याची मोटर, भिंतीवरचं घड्याळ, सगळं मी घरी उघडतो आणि येईल त्याला सांगतो की मला हे कुणी शिकवलं नाही, सगळं माझं मी शिकलो.

साताऱ्यातल्या घराच्या मागच्या गॅलरीत सायकल टांगली. चाक काढलं. ब्रेकचे पॅड काढून कोऱ्या कागदात गुंडाळले, कारण त्यांना तेलाचं बोट लागलं तरी ते बाद. पिस्टन बाहेर सरकू नयेत म्हणून मध्ये लाकडाची पट्टी बसवली, ती बरोबर बसेपर्यंत तीनदा घासली. मेडिकलमधून मोठी सिरिंज आणि सलाईनची नळी आणली. खालून तेल रेटायचं, वर दांड्याला लावलेल्या वाटीत बुडबुडे येतात, पान्याच्या दांड्यानं नळीवर टिचक्या मारायच्या. शेवटचा बुडबुडा खसखशीएवढा होता, तोही मी सोडला नाही. दांडा असा कडक झाला की मीच माझ्यावर खूष.

आता ऐका. त्या दांड्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की यात फक्त मिनरल ऑइल घालावं. आतून निघालेलं जुनं तेलही पातळ, गुलाबीसर होतं. तुमच्या डब्यातल्या तेलासारखं ते दिसतच नव्हतं. तरी मी गाडीचं ब्रेक ऑइल आणलं, सीलबंद, आणि दोन्ही ब्रेकांत तेच भरलं. कारण पलूसला आपल्या अंगणात तुम्ही एकदा कुणाच्यातरी जीपचे ब्रेक खोलले होते. त्या बहाद्दरानं त्यात मशीनचं तेल, म्हणजे मिनरलच, ओतलेलं. आतले रबर तुम्ही माझ्या तळहातावर ठेवले. "बघ, भिजल्याल्या हरभऱ्यागत फुगल्यात. ध्येनात ठेव, ब्रेकात ब्रेकचंच तेल." तो नियम मी इतकी वर्षं वेदासारखा जपला. म्हणून त्या अक्षरांना हसलो. म्हटलं, कारखान्यात बसणाऱ्यांना काय कळतंय.

सायकलीचे रबर वेगळे असतात, आबा. जीपच्या रबराला जे विष, ते यांचं अन्न. जे तुमचं अमृत, त्यानं हे सडतात. तीन आठवड्यांनी रविवारी सकाळी पोरीचा फोन आला. "बाबा, मागचा दांडा मुठीला टेकला. पुढचा नुसता किंचाळतोय, धरत नाही. वळणावर डोंगराच्या अंगाला घातली सायकल." गुडघा सोललेला, कोपर सोललेलं. दुसऱ्या अंगाला काय आहे ते तुम्ही त्या घाटात गाडी चालवलीय, तुम्हाला सांगायला नको. आणि मी, तिचा बाप, पहिलं वाक्य काय बोललो? "तेल डुप्लिकेट निघालं वाटतं." कसला विचार केला नाही, श्वाससुद्धा घेतला नाही. तो आवाज आठवला की स्वतःच्या तोंडावर थुंकावंसं वाटतं. घरी आणून ब्रेक खोलले तर रबर फुगून चघळलेल्या गोंदासारखे बोटाला चिकटले. काळा चिकटा. तो पुसायला सगळी चिंधी गेली, तरी बोटं काळीच.

पोर चिडली. "त्या दुकानदाराला सोडत नाही. बाटली घेऊन जाते आणि चार गिऱ्हाइकांसमोर विचारते." तो बिचारा मला बाटली देताना म्हणाला होता, "कुठल्या गाडीला पाहिजे, काका?" मी म्हणालो होतो, "तुम्ही द्या हो, मला कळतंय."

तेव्हा मला कडेगावच्या रस्त्यावरचा उतार आठवला. मी कॉलेजातला, एकोणीस वर्षांचा. आदल्या दिवशी अंगणात तुम्ही जीपखाली उताणे पडलाय आणि मी ब्रेकच्या पॅडलवर पाय ठेवून. "दाब. धर. सोड म्हनंस्तवर सोडू नगं." मला त्या कामाचा वीट आलाय, बाहेर दोस्त फटफटी घेऊन उभे आहेत. तुम्ही खालचा स्क्रू आवळायच्या आत पाय सुटला आणि हवा परत आत गेली. मी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी उतारावर पॅडल तळाला गेलं आणि तुम्ही जीप सरळ उसात घातली. आत सात माणसं होती. लोक जमले, नेहमीसारखी तुम्हाला हुद्द्यानंच हाक, "आवं हवालदार, झालं काय?" तुम्ही अंगावरचं पाचट झाडत म्हणालात, "माजंच चुकलं. स्क्रू सैल ऱ्हायला." माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. रात्री जेवताना मात्र ताटावरून म्हणालात, "पाय सुटला तर सुटला म्हनावं की रं गड्या. हवा काय, परत काढता येती." मी मान खाली घालून भाकरी मोडत राहिलो.

पोरगी बाटली पिशवीत घालून चपला घालत होती. मी दारात आडवा झालो. "थांब. बाटली चांगली आहे. तेलच चुकीचं भरलं मी." ती म्हणाली, "दांड्यावर लिहिलंय ते वाचलं नव्हतं का?" मी म्हणालो, "चष्मा नव्हता गं." तिनं बाटली खाली ठेवली. "बाबा, पुढच्या वेळी मला हाक मारा, मी वाचून देते." इतकं मायेनं म्हणाली की मी उगाच बाटलीचं बूच पुन्हा आवळलं. नवे रबर तिनंच मागवले, तेलही तिनंच. भरताना खालची सिरिंज मी धरली आणि ती वरून सांगत होती, "बाबा, दाबा. धरा." हे शब्द तिला मीच कधीतरी सांगितले असणार. मी ते कुठून आणले, हे मात्र कधी कुणाला सांगितलं नाही.

हे पत्र तुमच्या पत्र्याच्या ट्रंकेत पान्यांखाली ठेवतो. ती ट्रंक माझ्याशिवाय कुणी उघडत नाही, म्हणून एवढं लिहितो. आबा, चष्मा डोळ्यांवर होता. आणि त्या दिवशी पाय सुटला नव्हता, मी उचलला होता.