शहाजीराजांचे डोळे

बंगळूर,
फेब्रुवारी १९९६

प्रिय विशू,

रागावला आहेस, ठाऊक आहे. मंडळाच्या गुंडोरावांनी बडोद्याला फोन करून सांगितलं की आप्पांनी तुझं चित्र नाकारलं, आणि तू 'परत पाठवा' म्हणून मोकळा झालास. रुसण्यात आपल्या घरात कोणीच मागे नाही. पण आधी माझं ऐकून घे.

मंडळाच्या नव्या सभागृहात शहाजीराजांचं एकच चित्र लागणार, म्हणून त्या रविवारी आप्पांचं आणि तुझं, दोन्ही शेजारी शेजारी ठेवली होती. आप्पांचे राजे घोड्यावर, तलवार उपसलेली, मिशा कानापर्यंत, डोळे लिंबाएवढे. नाटकाचे पडदे रंगवणारा हात तो, शेवटच्या रांगेतून दिसलं पाहिजे एवढाच त्याचा नियम. तुझे राजे उतारवयातले, साध्या अंगरख्यात बसलेले, मागे आपल्या बंगळूरच्या लालबागेतला खडक. मुलगा तिकडे पुण्याला आणि आपण इथे, हे सगळं त्या वाकलेल्या खांद्यांत आलं होतं. मला रडूच आलं. मंडळातल्या जुन्या अण्णा लोकांना मात्र ते राजे कमी आणि गावचे शानभोग, हिशेब लिहिणारे कुलकर्णी, जास्त वाटले, दप्तर तेवढं द्यायचं राहिलं म्हणाले!

आणि डोळ्यांची जागा कोरी. लोक म्हणाले, पोरानं घाई केली. मला मात्र लगेच कळलं. आपल्याकडे चित्र कोणीही काढो, डोळे आप्पांनीच उघडायचे, सकाळी अंघोळ करून, पूर्वेला तोंड करून. माझ्या चित्राला त्यांचा हात लागू देणार नाही, असं ओरडून तू घर सोडलंस, आणि तरी डोळे त्यांच्यासाठी ठेवलेस. निरोप नाही, काही नाही. वेडा आहेस रे!

आप्पा अगदी नाक टेकेपर्यंत जवळ गेले, चित्रावरून बोट फिरवलं. मग चारचौघांत म्हणाले, "अर्धवट काम मी हातात घेत नाही," आणि बाहेर पडले. मी इतकी संतापले की घरी आल्यावर त्यांच्याशी बोललेसुद्धा नाही. त्या अबोल्याचं आता फार वाईट वाटतं.

गेल्या आठवड्यात आप्पा होसकोट्याला आत्याकडे निघाले आणि भलत्याच, आनेकलच्या बसमध्ये बसले. वर मलाच ऐकवलं, हल्ली पाट्याच बारीक लिहितात म्हणून. जन्मभर पाट्या रंगवलेला माणूस! शंका आली, ओढत डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू आहे, विशू. उजवा डोळा गेला, गेलेली नजर परत येत नाही. दसऱ्यापासून लपवत होते.

रिक्षात बसल्यावर हळूच म्हणाले, "अक्का, त्या दिवशी माझं चित्र मला पाठ होतं म्हणून दिसलं. विशूचं दिसलंच नाही गं. डोळे कोरे ठेवलेत हे बोट फिरवून कळलं. पण ब्रश कुठं टेकवू?" तुला कळवायचं नाही, अशी शपथ घातली आहे. मी ती मोडते आहे.

तेव्हापासून रोज संध्याकाळी विचारतात, विशूनं काय काय काढलंय सांग. मी सांगते, पण मला कुठे धड सांगता येतं? कधी ब्रश हातात धरला नाही मी. डाव्या डोळ्यात थोडा उजेड आहे, तोही टिकेल याचा भरवसा डॉक्टर देत नाहीत. चित्र अजून इथेच आहे, मी कोणाला हलवू दिलेलं नाही. तू ये. सकाळी त्यांना पूर्वेला तोंड करून बसव आणि त्यांचा हात धर. राजांचे डोळे तिरपे आले तर येऊ देत.

वाट बघणारी, तुझीच,
अक्का