भारा टेकायचा दगड

गुरुजी,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी आज लिहायला बसले, ते आठवण आली म्हणून नाही. आठवण येते तेव्हा मी गप्प बसते. आज गप्प बसवत नाही. सकाळपासून तीनदा चहा केला आणि तिन्ही वेळा तो ओट्यावरच निवला. परवा आपल्या गावात फलकाचं उद्घाटन आहे आणि त्या फलकावर लिहिलेला राजा खोटा आहे. तो मी रचला होता, चौथीत असताना, तुमच्याकडून शाबासकी मिळावी म्हणून.

तुम्ही आधी आम्हाला गावाचा भूगोल करायला लावला होता. मी डोंगर काढला तो पुस्तकातला, दोन त्रिकोण आणि मधून उगवणारा सूर्य. तुम्ही वही माझ्यासमोर धरलीत. "हा कुठला डोंगर? आपला असा आहे? बाहेर बस आणि दिसेल तेवढंच काढ." मी रडत पायरीवर बसले आणि त्या दिवशी पहिल्यांदा आपला डोंगर नीट पाहिला. वरचा कडा काळा, विळ्याने कापल्यासारखा सपाट. त्याखाली सागाचा उतार. उतारावर पाड्याची सात-आठ घरं, मग एकाखाली एक भाताची खाचरं आणि अगदी खाली आपली कौलं. खिंडीतून निघालेली वाट पाड्यावरून गावात येते आणि पुढे शेणव्याच्या रस्त्याला लागते. पाडा आणि गाव यांच्या मध्ये, वाटेच्या कडेला, तो दगड. तोही मी काढला आणि तुम्ही खाली "छान" लिहिलंत.

मग इतिहास आला आणि तिथे माझं डोकं फिरलं. कुणाच्या मामाच्या गावाला किल्ला, कुणाच्या आजोळी वीरगळ, कुणाच्या घरी म्हणे जुनी सनद. आपल्या गावात काय, तर खाचरं आणि खेकडे. तुम्ही म्हणालात, म्हाताऱ्या माणसांना विचारा, सांगतील ते जसंच्या तसं लिहा. मी पाड्यावरच्या सगळ्यांत जुन्या आजीकडे गेले. ती अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. मी विचारलं, त्या दगडावर कोण राजा बसायचा? ती हसायलाच लागली.

"कुठला राजा गो? आमी भारा टेकतो त्याच्यावर. माझी आय टेकायची, तिची आय टेकायची. राजा इथं कशाला येल, लाकडं वेचायला?"

तिचं खरं होतं, गुरुजी. एकट्या बाईने डोक्यावरची मोळी खाली टाकली की ती परत चढवायला दुसरं माणूस लागतं. तो दगड नेमका खांद्याइतका उंच. मान जराशी वाकवायची, मोळी त्यावर सरकवायची, घाम पुसायचा आणि पुन्हा डोकं खाली घालून चालायला लागायचं. कुणाची मदत नको. किती पिढ्यांच्या मोळ्या घासून त्याच्या माथ्यावर खळगा पडला होता. माझी आईही गवताचा भारा तिथेच टेकायची आणि मला नेमकी त्याचीच लाज वाटली. आपल्या गावाचा इतिहास म्हणजे बायकांची ओझी, हे मला वर्गात वाचायचं नव्हतं.

म्हणून मी खिंड राखणारं एक राजघराणं लिहिलं. त्यातला शेवटचा राजा दगडावर बसून न्याय करायचा, बसून बसून खळगा पडला, असं लिहिलं. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून विचारलंत, "एवढ्या उंच चढायचा कसा?"

"घोड्यावरून थेट, गुरुजी."

"हे आजीने सांगितलं?"

"हो."

तेवढा एक "हो". तुम्ही मला शाईचं पेन दिलंत, म्हणालात, पाचवीत गेलीस की वापर. सव्वीस जानेवारीला झेंड्याखाली तुम्ही माझा राजा मोठ्याने वाचून दाखवलात. आजी मागे उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावला. ती हसली, असं मी आजवर धरून चालले आहे.

आता मी मुरबाडला शाळेत इतिहास शिकवते आणि मुलांना दरडावते, पुरावा कुठाय? माझी ती वही, नावाचं पान गळून गेलेली, शाळेच्या कपाटातून सरपंचाच्या हाती लागली. पावसाळ्यात धबधबा बघायला मोटारी भरभरून लोक येतात, त्यांना दाखवायला राजा बरा. दगडाला शेंदरी रंग दिला, भोवती स्टीलचं रेलिंग ठोकलं, दाराला कुलूप. फलकावर "राजगादी" आणि खाली "पाड्यावरील वृद्धांच्या सांगण्यानुसार".

गेल्या आठवड्यात मी बघायला गेले तेव्हा त्या आजीची नात वरून मोळी घेऊन आली. घरात गॅस आहे, पण टाकी संपली की चूल. ती सवयीने दगडापाशी थांबली आणि थांबून राहिली. मान ताठ ठेवूनच माझ्याशी बोलली.

"बाई, तुमी शिकलेल्या. त्यांना सांगा ना, कुलूप नका लावू. माझी आजी म्हने राजाचं सांगायची. मला तर कदी बोलली नाय." मग मोळी सावरत म्हणाली, "मलाच कशी नाय बोलली?"

मी मोळीला हात लावायला पुढे झाले तोवर ती चालायला लागली होती. मला स्वतःची शिसारी आली. मी म्हातारीच्या तोंडी खोटं घातलं आणि आता तिच्या नातीला वाटतंय, आजीने आपल्यापासून चोरून ठेवलं.

तशीच पंचायतीत गेले. खरं सांगायचं ठरवूनच गेले होते. सरपंचाने खुर्ची दिली, चहा मागवला, चार माणसं बसली होती. तो म्हणाला, "बाई, हा शोध कोनाचा, तेवढं सांगा. फलकावर नाव टाकतो." सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला पुन्हा चौथीतलीच बुद्धी झाली.

मी म्हणाले, "गुरुजींचा."

त्यांनी टाळ्या वाजवल्या. पेंटर कालच येऊन तुमचं नाव रंगवून गेला. ते रेलिंग निघायचं तर आपल्या दोघांतलं कुणीतरी खोटं ठरायला हवं आणि तुम्ही काही बोलायला येणार नाही, हे मला त्या खुर्चीत बसल्या बसल्याही ठाऊक होतं.

हे पत्र कुणी वाचायचं नाही, म्हणून भरभर लिहून झालं. शेजारी दुसरा कागद आहे. सकाळपासून त्यावर "मा. सरपंच" एवढंच आहे.